तुरटीचा चौक

श्रावण उतरणीला लागला की बाजारात झुली टांगल्या जातात, आणि माझे पाय आपोआप तिकडं वळतात. घरात बैल नाही. मास्तरकी लागल्यापासून दाराशी बांधण्यासारखी एक सायकल तेवढी आहे. तरी मी दुकानासमोर उभा राहतो, एखादी झूल हातात घेतो, उलटी करून बघतो, नाकाला लावतो. पहिली काही वर्षं दुकानदार आदरानं विचारायचा, "मास्तर, जोड्या किती?" आता विचारत नाही. यंदा त्यानं नुसतं स्टूल पुढं सरकवलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बघू द्या त्यांना. त्यांना घ्यायचं काय नसतंय, हुंगायचं असतंय."

झुली आता सोलापूरकडून शिवून येतात. चकचकीत कापड, जरीची किनार, मधोमध मोर नाहीतर कमळ. त्यांना रॉकेलसारखा वास येतो. मी जो वास शोधतो तो हिरड्याचा, म्हशीच्या दुधाचा आणि गंजक्या लोखंडाचा. तसला वास येणारी झूल आज कुणी दुकानात टांगली तर गिऱ्हाईक नाक धरून पळेल, हे मलाही कळतं.

घरी आलो की बायको विचारते, "झालं हुंगून?" मुलांना पुढचं सगळं पाठ आहे. मी "त्या साली" एवढं म्हटलं की थोरला पाणी प्यायला उठतो तो परत येत नाही. धाकटी बसते, पण ती शेंगा फोडत बसते. बायकोचं म्हणणं असं की मी दरवर्षी त्या गोष्टीतला पाऊस वाढवतो. असेलही. म्हणून यंदा लिहूनच काढतो आहे. कागद पाणी प्यायला उठत नाही.

तर, त्या साली लढाई चालू होती. राज्य निजामाचं, लढाई भलत्याच लोकांची, आणि टंचाई तेवढी आमची. नळदुर्गच्या पलीकडं ओढ्याच्या उंच काठावर आमचा लमाणांचा तांडा होता. मधोमध मोठा कडुनिंब, त्याच्या दोन्ही अंगांना झोपड्या. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. माझ्या वेळेपर्यंत ते फिरणं सरलं होतं. बैल दुसऱ्यांची वावरं नांगरत होते आणि माणसं दुसऱ्यांची पिकं खुरपत होती. फिरण्यातली एकच गोष्ट उरली होती, तांड्याच्या पुढं चालणारा बैल. त्याला गुरूचा बैल म्हणत. त्याच्या मानेवर जू नाही, पाठीवर ओझं नाही. कुणाला ताप भरला तर त्याला त्या बैलाच्या पायाशी नेऊन निजवत. सण असो, लग्न असो, पंच बसायचे असोत, बैलावर झूल चढायची.

ती झूल म्हणजे जाडंभरडं पांढरं कापड, आणि त्यावर चौकच चौक. एका घराचा एक चौक, प्रत्येकात त्या घराची खूण. कुणाच्या पायऱ्या, कुणाची नागमोडी, कुणाचा बाण. आमच्या घराची खूण म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. बा म्हणायचा, "एक त्रिकोण तुझी याडी, एक मी, आन् भांडायला मधी एक टोक." याडी म्हणजे आई. ज्याचा चौक झुलीवर, त्याचं घर तांड्यात. आमच्याकडं सातबारा नव्हता, झूल होती. बैल मेला की झूल त्याच्याबरोबर मातीत जायची, आणि नव्या बैलासाठी नवी लिहिली जायची.

लिहायची, असंच आम्ही म्हणत असू. तांड्यातल्या सगळ्या बाया आरसे, कवड्या लावून शिवायच्या. झूल लिहायची ती एकटी माझी याडी. ती तिच्या आत्याकडून शिकली होती. बाभळीची काडी टोकाशी चेचून तिला लोकरीचा बोळा गुंडाळलेला असायचा. बोळा रंगात बुडवायचा, दोन बोटांनी हलका दाबत काडी ओढायची. तिच्याजवळ पट्टी नव्हती, दोरी नव्हती. जमिनीवर मांडी घालून, कापड मांडीवर घेऊन, श्वास धरून ती अशी रेघ ओढायची की मुंगीनं तिच्यावरून चालताना वळण घेऊ नये. मी शाळेत भूमिती शिकवतो. फळ्यावर पट्टी लावून त्रिकोण काढतो तरी तो एका अंगाला कलतो. मागच्या बाकावरची पोरं हळूच मान तिरकी करतात. अशा वेळी वाटतं, रक्तातून काय काय उतरतं म्हणतात, ते आमच्या घरात मधेच कुठंतरी सांडलं.

माझी थोरली बहीण सोमली. सोमवारी जन्मली म्हणून सोमली, आणि मी शनिवारचा, आमच्या बोलीत थावराचा, म्हणून थावरा. आमच्या घरी नावं ठेवायला फार विचार लागत नसे. सोमलीला लोहारा गावाच्या बाजूच्या एका तांड्यात दिली होती. त्या उन्हाळ्यात तिचा नवरा तापानं गेला. रीत अशी की विधवेनं धाकट्या दिराच्या हातून ओढणी घ्यायची, की झाली ती त्याची बायको. सगळ्या मुलखात हेच चालत होतं आणि कित्येकींचं त्यात बरंही झालं होतं. सोमली मात्र ओढणी घ्यायच्या दिवशी उठली आणि पायी चालत माहेरी आली.

पंच निंबाखाली बसले. तिला विचारलं.

"का न्हाय म्हनतीस गं? दीर काय लंगडा हाय का पांगळा?"

"धडधाकट हाय," सोमली म्हणाली.

"दारू पितो?"

"तुमी समदे पिता तेवढीच."

कुणीतरी हसलं. नायकानं डोळे वटारले तसं हसू थांबलं. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. वयानं फार नव्हता, बाप वारल्यावर नुकताच गादीवर आला होता, आणि नव्या नायकाला असते तशी त्याला आपला शब्द मोडला जाईल याची सारखी धास्ती असायची.

"मंग झालं काय?"

"चिखलात गाडी रुतली व्हती. बैल उठंना म्हनून त्यानं बैलाच्या डोळ्यात पराणीचा खिळा घातला. डोळा वाहून गेला. म्या उभी व्हते तितं." सोमलीचा आवाज चढला नव्हता. "त्याच्या घरात म्या न्हाय जानार."

गुरूच्या बैलासमोर डोकं टेकणारी ती सगळी माणसं. मला वाटलं, संपलं, आता हे सोमलीच्या बाजूनं उठतील. एक पंच खाकरला आणि म्हणाला, "बैल आडमुठा असंल." दुसरा म्हणाला, "बैलाचा न्याव निराळा, बाईचा निराळा." तिकडच्या पंचांचा निरोप आधीच आलेला होता. त्यांची सून परत गेली नसती तर दोन तांड्यांतली देवाणघेवाण तुटली असती, पोरी अडकून पडल्या असत्या. नायकानं निकाल दिला. सोमली दिराची ओढणी घेईपर्यंत आमचं घर तांड्याबाहेर. आम्हाला विस्तव नाही, पाणवठा नाही, बोलणं नाही. आणि पोळ्यापर्यंत ती गेली नाही, तर कायमचं.

पोळ्याची मुदत उगीच नव्हती. आषाढात गुरूचा बैल म्हातारा होऊन मेला होता. पांढरा खोंड निवडला होता. पोळ्याला त्याच्यावर नवी झूल चढायची होती.

वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायचं नाही ही शिक्षा ज्यानं काढली, त्याला बहुधा शेजारी नसावेत. एका ओढ्याकाठी, एका निंबाखाली राहणाऱ्या माणसांना न बोलून चालतं कुठं? तेव्हा तांड्यानं जुनी वाट काढली. आमच्याशी बोलायचं असेल तर आमच्या शेळीशी बोलायचं. शेळी नसेल तर कुत्र्याशी, कुत्रं नसेल तर भिंतीशी. ऐकणारे आम्ही, पण बोललं गेलं ते शेळीशी, म्हणजे नियम मोडला नाही. तेवढ्या दिवसांत आमच्या शेळीइतका मान तांड्यात कुणाला नव्हता.

माझं लग्न ठरलेलं होतं. मुलीचा चुलता निरोप घेऊन आला. दारात आमचं कुत्रं झोपलं होतं. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "कुत्र्या, तुझ्या धन्याच्या पोराला सांग, आमची पोरगी दुसरीकडं दिली." कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. मी तिथंच उभा होतो, नुकत्याच फुटलेल्या मिशीला तेल लावून. माझं लग्न मोडल्याची बातमी माझ्याआधी कुत्र्याला कळली, आणि त्यानं ती फार मनाला लावून घेतली नाही. ही जागा सांगताना आजही मी हसतो. बायको हसत नाही. ती म्हणते, "तिचं नशीब."

पण लिहायला बसलो की हसणं लवकर सरतं. त्या श्रावणात पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. सरपण ओलं. विस्तव विझला तर शेजारून निखारा आणायची सोय नाही, म्हणून याडी राखेखाली गोवरी जपायची, तान्ह्या लेकरासारखी. खुरपणीला माणसं नायकाच्या शब्दावर जात, आम्हाला कुणी नेईना. मग रानात तरोटा, कुर्डू, तांदुळजा खुडून आणायचा, उकडायचा आणि खायचा. हिरव्या पाल्याचा तो उग्र वास घरात, हातांत, घामात भरून राहिला. बाला हिवताप होता. तो आला की बा गोधडीसकट थरथरायचा, आणि थरथरतच म्हणायचा, "आरं, म्या नाचतोय, कुनी डफ वाजवा की."

तांडा सोडून जावं तर जायचं कुठं? आज मी गावात घर करून राहतो, मला कुणी काही विचारत नाही. तेव्हा तसं नव्हतं. तांड्यात असलेल्या लमाणासाठी नायकाचा शब्द उभा राहायचा. एकट्या झोपडीतला लमाण म्हणजे आसपास कुठं काही चोरीला गेलं की पहिला धरायचा माणूस. गावं उठवून लावत, चौकी बोलावून घेई. आजारी बाप, तरणी विधवा आणि तेल लावलेल्या मिशीचा मी. हे बिऱ्हाड घेऊन कुठल्या माळावर उभं राहायचं, हे बा रोज छपराकडं बघत मोजायचा आणि रोज त्याचा हिशेब चुकायचा.

एकदा सोमली आणि मी ओढ्याच्या काठानं तरोटा खुडत होतो. ती एकदम म्हणाली, "थावऱ्या, म्या गेले तर तुझं लगीन हुईल न्हवं?"

"झालं असतं. आता कुत्र्याला विचारावं लागंल."

ती हसली नाही. "बा बरा हुईल. त्याला दवा मिळंल."

मी खुडत राहिलो. घरात हेच प्रत्येकाच्या मनात येऊन जायचं आणि जो तो ते गिळायचा. जेवताना कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नसे. याडी मात्र बघायची. एकेकाच्या तोंडावर तिला ते लिहिलेलं दिसत असणार. लिहिणं हीच तिची विद्या.

अशात एका सकाळी नायक आमच्या दाराशी आला. हातात नवं कापड. त्यानं शेळीला हाक मारली.

"शेळे, पोळा जवळ आला. झूल लिहायला पायजे."

बा आतून म्हणाला, "शेळे, नायकाला इचार, वाळीतल्या हातानं लिहिलेली झूल चालती का?"

नायक शेळीकडं बघत म्हणाला, "हात तांड्याचा हाय. घर बाहेर हाय."

"बघ शेळे," बा म्हणाला, "तुझ्या सडाचं दूध तांड्याचं, तू मातर बाहेर."

नायकाचा चेहरा लाल झाला. तो गेला असता, पण जाणार कुठं? दुसरं कुणी लिहिणारं नव्हतं. त्यानं कापड शेळीच्या पाठीवर ठेवलं. शेळी ते खायला वळली म्हणून याडीनं झटकन उचललं. नायक जाता जाता म्हणाला, "शेळे, तुज्या मालकिनीचा चौक रिकामा ठिवायचा. पांढरा."

याडीनं शेळीला सांगितलं, "रंगाच्या पुड्या बाजारात न्हाईत. लढाईनं खाल्ल्या. जुन्या रीतीनं लिहावं लागंल, म्हनावं."

"शेळे, कशा बी रीतीनं," नायक म्हणाला. त्याला जुनी रीत माहीत नव्हती. त्याच्या जन्मापासून झुली पुड्यांच्या रंगानंच लिहिल्या जात होत्या, ओढली की दिसली अशी रेघ. जुनी रीत मीही पाहिली नव्हती.

मग आमचं उपाशी घर वासांनी भरलं. कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवलं. दूध नायकाच्या घरून आलं, दारात ठेवून गेले. त्यातला घोटभर बाला द्यावा असं माझ्या मनात आलं. याडी म्हणाली, "कापडाचं हाय." बानंही मान हलवली. गंजक्या नालांचे, खिळ्यांचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबत ठेवले. ते पाणी मळकट दिसायचं, पण हिरड्याच्या कापडाला लागलं की क्षणात काळंभोर. त्या काळ्यानं याडीनं सगळे चौक आखले. एका घरामागून एक. ज्यांनी आमचं पाणी तोडलं त्यांच्या पायऱ्या, जो "बैल आडमुठा असंल" म्हणाला त्याचा बाण. मी वाट बघत होतो, कुठंतरी तिचा हात रागानं हलेल, कुणाची तरी एक पायरी वाकडी पडेल. पडली नाही.

काळं झाल्यावर लाल. त्यासाठी मडक्यात तुरटीचं पाणी केलेलं. मी जवळ बसून बघत होतो. ती काडी बुडवायची, चौकात फिरवायची, आणि तिथं नुसता ओलावा उमटायचा. वाळला की तोही नाही. सगळ्यांचे चौक झाल्यावर ती मधल्या रिकाम्या जागेकडं वळली. तिथं काळी चौकट नव्हती. तिनं काडी टेकवली आणि सावकाश ओढली. मग दुसरी, मग तिरपी.

"याडी, तितं काय करतीस? तितं रिकामं ठिवायचंय."

"रिकामंच हाय की. दिसतंय का काय?"

"न्हाय."

"मंग."

मी कापड उजेडात धरलं. पांढरं, थोडं कडक, बस्स. ती मला जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली, "तुरटी दिसत न्हाय. आलाच्या झाडाचं, रंगाचं मूळ टाकून उकळलं की जितं तुरटी, तितं लाल. बाकी पांढरं. समदा तांडा भोवती उभा असंल तवा निगंल. एकदा खोंडाच्या पाठीवर चढली की झुलीवरचं घर कुनाला काढता येत न्हाय."

बाला सांगितलं तेव्हा तो हसला, हसता हसता खोकला आणि खोकता खोकता रडला. सोमलीनं ते कापड घडी करून कणगीत ठेवलं, कारण छपरातून पाणी गळत होतं आणि तुरटी मुरायच्या आत तिच्यावर पाणी पडलं तर सगळं धुऊन जाणार होतं. कणगी रिकामी होती, तेवढी सोय झाली.

न्हाव्याकडं दाढी करताना तो शेवटी तुरटीचा खडा गालावर फिरवतो. गार लागतं, मग थोडं झोंबतं, मग काही नाही. आरशात बघावं तर काहीही दिसत नाही. न्हावी म्हणतो, "मास्तर, कापलं न्हाय कुठं, डोळे का मिटता?" त्याला काय सांगणार? कुणाच्या गालावर, कुणाच्या पाठीवर असं काय काय लिहिलेलं असेल, आणि ते उकळायचंच राहून गेलेलं असेल. असले विचार दाढी करून घेताना करू नयेत, हलल्यानं खरोखर कापतं.

नायकानं येऊन कापड पाहिलं होतं. उलटंसुलटं केलं, मधली पांढरी जागा पाहिली, शेळीच्या पाठीवर थाप मारली आणि खूश होऊन गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बायांनी झूल धुवायला नेली. उकळण्याआधी जादा तुरटी धुऊन काढावी लागते. आम्हाला पाणवठा बंद होता, म्हणून आम्ही वरच्या काठावर उभे. बघतो तर त्या डोहाकडं वळल्या, साचलेल्या पाण्याकडं. याडीचा चेहरा उतरला. साचल्या पाण्यात सुटलेली तुरटी पुन्हा सगळ्या कापडावर बसते, मग उकळल्यावर पांढरं असं काही राहतच नाही. सगळ्यांच्या खुणा लाल चिखलात बुडतात. हे सांगणारी एकच, आणि तिच्याशी बोलायची बंदी.

बा तापानं फणफणत होता. त्यानं शेळीचा कान धरला आणि खच्चून ओरडला, "शेळे, आगं वाहत्या पान्यात धुवावं लागतंय! डोहात घातलं तर समद्यांची घरं बुडतील!"

खाली बाया थबकल्या. नायकाची आई त्यांच्यात होती. म्हातारीला आम्ही डोकरी म्हणतो. डोकरीला जुनी रीत अर्धवट आठवत असावी. ती शेजारच्या रिकाम्या घागरीकडं बघून म्हणाली, "व्हय गं घागरी, खरंच की, वाहत्या पान्यात." मग त्या ओढ्याच्या धारेत गेल्या. धुता धुता डोकरीचा अंगठा मधल्या पांढऱ्या जागेवरून फिरला आणि थांबला. तिनं तो पुन्हा फिरवला. वर काठाकडं, याडीकडं बघितलं. याडीही तिच्याकडं बघत होती. डोकरीनं कापड पिळलं आणि खांद्यावर टाकलं. ती बोलली नाही. घागरीशीसुद्धा नाही.

निंबाजवळ मोठ्या भांड्यात आलाच्या मुळांचं पाणी उकळत होतं. दुपार कलली होती, ऊन पडलं होतं. माझ्या गोष्टीत इथंही पाऊस असायचा, पण बायको म्हणते ते खरं, ऊन होतं. झूल आत गेली. डोकरी काठीनं ढवळत होती. मग एक टोक वर आलं आणि कुणीतरी ओरडलं, "आमच्या पायऱ्या!" मग दुसरं, "आमची नागमोडी आली बघ!" माणसं हसत होती, एकमेकांना ढकलत पुढं येत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा तो आनंद मला आठवतो, आणि आम्ही त्या आनंदाबाहेर, निंबाच्या सावलीच्या कडेला, चौघं.

डोकरीनं झूल काठीवर उचलली आणि दोघांनी ती ताणून धरली. मधोमध, काळ्या चौकटीविना, लालभडक दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे होते. बाकीच्या घरांना काळ्या भिंती होत्या. आमच्या घराला भिंतच नव्हती, म्हणून ते सगळ्यांच्या आधी डोळ्यांत भरत होतं.

हसणं थांबलं. नायक पुढं आला. त्याला फसवलं गेलं होतं, आणि सगळ्या तांड्यासमोर. त्यानं तोंड निंबाकडं फिरवलं.

"निंबा, झूल लिहिल्या हाताशिवाय दुसऱ्या कुनी कापायची न्हाय, ही रीत हाय. ज्या हातानं हे लिहिलं, त्या हातानं हे कापून काढावं."

डोकरी म्हणाली, "आरं लेका, भोकाची झूल घालतोस का गुरूच्या बैलावर?"

"मंग दुसरी वाट हाय, निंबा," नायक म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. "पोरीनं उद्या दिराची ओढणी घ्यावी. चौक हाय तितं ऱ्हाईल. मी सोता काळी चौकट घालून घेईन. समदं पहिल्यासारखं."

कुणीतरी विळा आणून झुलीजवळ ठेवला. झूल खाली अंथरलेली, अजून वाफ निघत होती. याडी चालत पुढं गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती तांड्याच्या मधोमध उभी होती.

"नायक, झाडाला काय सांगता? माज्याकडं बघून बोला."

तो निंबाकडंच बघत राहिला. तिनं थोडी वाट पाहिली. मग खाली बसली, नेहमीची मांडी घालून, आणि झूल मांडीवर ओढली. विळा उचलला. तिचा हात त्या त्रिकोणांवर तसाच राहिला. मला वाटलं, नाही कापणार. बानं माझा दंड धरला होता, त्याच्या अंगातला ताप माझ्या हाडात शिरत होता, आणि तो पुटपुटत होता, "नगं, नगं," पण काय नको, ते त्यालाही कळत नसावं.

माझ्या शेजारून सोमली पुढं झाली.

"थांब याडी. म्या जा—"

विळा कापडात शिरला होता.

ओलं कापड विळ्याखाली सरकतं, चुणतं, वाकडं फाटतं. याडीनं पहिली बाजू कापली, कापड फिरवलं, दुसरी कापली. तिसऱ्या बाजूला कापड सैल पडलं, विळ्याची धार अडकायला लागली. तिनं मान वर केली नाही. सोमली तिच्यासमोर गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी कापड घट्ट ताणून धरलं, आणि याडीनं चौथी बाजू कापली, सरळ.